कुंपणात मेनचा करंट नको : कायदा आणि झटका मशीनची जोडणी

रानडुकरं, रोही (नीलगाय) एका रात्रीत उभं पीक लोळवतात. तरीही कुंपणाच्या तारेत मेनचा, म्हणजे थेट विजेच्या लाइनचा, करंट सोडला आणि त्याला चिकटून कुणी दगावलं, तर "तो न विचारता माझ्या शेतात शिरला" हा बचाव टिकत नाही. बिहारच्या चेरुबिन ग्रेगरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे 1963 मध्येच स्पष्ट केलं. शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून ग्रेगरीने वाटेत उघडी तार लावून वीज सोडली आणि शेजारीण मरण पावली. न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली, कारण घुसखोराला इजा व्हावी म्हणून सापळा लावण्याचा हक्क जागामालकाला नाही.

आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आहे. जीव जाऊ शकतो हे माहीत असूनही तार जोडली असेल, तर कलम 105 (सदोष मनुष्यवध) लागू शकतं. आकडा टाकला असल्यास वीजचोरीचा गुन्हा वेगळा, आणि नुकसानभरपाईचा दावाही वेगळा. धोक्याचा बोर्ड लावला म्हणून मेनचा करंट वैध ठरत नाही.

मेन आणि कुंपणाच्या तारेमध्ये 100 वॉटचा बल्ब जोडला की करंट सौम्य होतो, हा समज जीवघेणा आहे. बल्ब असूनही अंगातून सुमारे 200 मिलीअँपिअर जाऊ शकतात. हृदय बंद पडायला 30 च्या पुढचाही प्रवाह धोक्याचा. शिवाय मेनचा करंट अखंड असतो, स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. याउलट कुंपणाच्या तारेला जोडायची झटका मशीन सेकंदाला साधारण एकच, अतिशय अल्प काळाचा ठोका देते, म्हणून माणूस मागे सरू शकतो.

मशीन मानकांनुसार बनवलेली, 12 व्होल्ट बॅटरीवर चालणारी घ्या. काटेरी तारेत झटका सोडू नका. अडकलेल्याला सुटता येत नाही. एका कुंपणाला दोन मशीन जोडू नका. अर्थिंगचे रॉड ओलसर जमिनीत, घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगपासून किमान 10 मीटर लांब ठोका. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि तिला टेकणारं गवत कापत राहा; झटका कमी पडण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं, आणि मग मेन जोडायचा मोह होतो.

धोक्याच्या पिवळ्या पाट्या, किमान 10 बाय 20 सेंटीमीटरच्या, वाटेवर आणि पाणवठ्याकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतील अशा लावा. पाऊलवाट जिथे कुंपण ओलांडते तिथे फाटक ठेवा. लोक तिथूनच येणार.