हलक्या ब्राउझरचे शॉर्टकट ठरवताय? या चुका टाळा

अमळनेरला आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. चार कॉम्प्युटर, चारही म्हातारे, दोन-दोन जीबी रॅमचे. मोठा ब्राउझर उघडला की आतला पंखा ट्रॅक्टरसारखा गुरगुरायचा, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स टाकून एक हलका ब्राउझर बसवला. तो पळाला छान. घोळ घातला तो मी हौसेने ठरवून दिलेल्या शॉर्टकटांनी.

जुलैअखेरची पीक विम्याची रांग. पातोंड्याचे एक आप्पा सकाळपासून बसलेले. त्यांचा अर्ज शेवटच्या पानावर आला होता. आमच्या ताईला शेजारचा टॅब बंद करायचा होता. कंट्रोल+डब्ल्यू दाबायला गेली आणि बोट क्यूवर पडलं. अख्खा ब्राउझर गेला. आप्पा पडद्याकडे बघत म्हणाले, "मनं फारम कोठे गयं?" हौसेला मोल नसतं म्हणतात, त्या दिवशी ते आप्पांना दोन तासांचं पडलं.

क्यू आणि डब्ल्यू शेजारी आहेत, हे विसरणं

टॅब बंद करणं हे दिवसातून शंभरदा लागणारं काम. ब्राउझर बंद करणं फार तर एकदा, दुकान वाढवताना. तरी लिनक्सवर पुष्कळ ब्राउझरांत दोन्हींची बटनं चिकटून असतात. फायरफॉक्सने विंडोजवर ब्राउझर बंद करणं कंट्रोल+शिफ्ट+क्यूवर नेलं आहे, लिनक्सवर मात्र कंट्रोल+क्यूच आहे. तिथे निदान सेटिंगमध्ये 'बंद करण्याआधी विचारा' ही खूण करता येते. हलक्या ब्राउझरात अशी सोय नसेल तर कंट्रोल+क्यू सरळ रिकामं सोडा.

बंद झालेला टॅब कंट्रोल+शिफ्ट+टीने परत येतो, हे खरं. पण येतं ते पान. त्यात भरलेला मजकूर येईलच असं नाही, आणि सरकारी पोर्टल तर बहुतेक वेळा पुन्हा लॉगिनवरच नेऊन सोडतं. त्यामुळे शॉर्टकट ठरवताना मी आता आधी एवढंच बघतो, की हे चुकून दाबलं गेलं तर काय जाईल.

मराठी चालू ठेवून तपासून न बघणं

सगळ्यात जास्त वेळ माझा इथे गेला, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. शॉर्टकट ठरवणारे इंग्रजी कीबोर्डवर ठरवतात, इंग्रजीवरच तपासतात आणि मोकळे होतात. आपल्याकडे नाव, गाव, गट नंबर भरताना इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगची कळरचना, चालू असतं. त्यात जे दाबलं की र येतो, के दाबलं की क, टी दाबलं की दीर्घ ऊकार, डी दाबलं की पाय मोडतो. आता तुमचा शॉर्टकट 'जे दाबा, पान खाली जाईल' असा असेल, तर ब्राउझरला जे मिळतच नाही. त्याला र मिळतो आणि तो गप्प बसतो.

कंट्रोलच्या जोड्यांचंही लिनक्सवर कधी कधी हेच होतं. कीबोर्डच्या लेआउटच्या (कळरचनेच्या) यादीत एकटी मराठी असेल तर कंट्रोल+टी हे काही प्रोग्रामांना 'कंट्रोल आणि ऊकार' असं दिसतं. उपाय सोपा आहे. यादीत इंग्रजी पहिली ठेवा, मराठी दुसरी. बरेचसे प्रोग्राम मग मराठी चालू असतानाही इंग्रजी अक्षर शोधून काढतात. विंडोजवर ही अडचण सहसा येत नाही, म्हणून तिकडून आलेल्या माणसाला ती पटकन कळतही नाही.

एकेरी अक्षरांच्या शॉर्टकटांची दुसरी गंमत इंग्रजी चालू असताना होते. क्यूटब्राउझर हा कीबोर्डवर चालणारा चांगला ब्राउझर आहे, मी घरी तोच वापरतो. त्यात डी म्हणजे टॅब बंद, एच म्हणजे डावीकडे सरक, यू म्हणजे बंद केलेला टॅब परत आण, एल म्हणजे उजवीकडे सरक. आता कर्सर चौकटीत आहे असं समजून कुणी इंग्रजीत 'धुळे' (dhule) टाइप केलं, तर पहिल्या अक्षराला टॅब मिटतो, तिसऱ्याला परत येतो आणि माणूस डोळे चोळत बसतो. धुळ्याचं नशीब चांगलं, त्याच्या स्पेलिंगमध्ये यू आहे. बाकीच्या गावांची हमी मी देत नाही.

ज्याला ही पद्धत हवी त्याने जरूर घ्यावी. क्यूटब्राउझरमध्ये एक कळ दुसरीच्या जागी मानायची सेटिंगही आहे, म्हणजे र आला तर जे समज असं सांगता येतं. पण दहा माणसं हाताळतात त्या मशीनवर एकेरी अक्षरं मुळातून देऊ नका. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्यांसाठी तर ती दुहेरी डोकेदुखी, कारण एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये एच, के अशी सुटी अक्षरं शीर्षकावरून शीर्षकावर, लिंकवरून लिंकवर जायला आधीच लावलेली असतात. वेबपानांनी दिलेले एकेरी शॉर्टकट बंद करता किंवा बदलता आले पाहिजेत, किंवा त्या-त्या चौकटीत असतानाच चालले पाहिजेत, असं वेबच्या सुलभता निकषांत २०१८ पासून आहे. ब्राउझर बसवणाऱ्यानेही तेवढं पाळायला हरकत नाही.

दुसऱ्याची बटनं बळकावणं

भाषा बदलायला कुणाकडे कंट्रोल+स्पेस असतं, कुणाकडे ऑल्ट+शिफ्ट, कुणाकडे विंडोजचं बटन आणि स्पेस. मी एकदा 'पुढचा टॅब' ऑल्ट+शिफ्ट+एनला दिला. टॅब पुढे जायचा आणि भाषाही बदलायची. ताई दिवसभर म्हणत होती, "भाऊ, हे काबर आपोआप मराठी होतं?" मी दिवसभर कीबोर्डला शिव्या देत होतो.

लिनक्सवर कंट्रोल+शिफ्ट+यूही टाळा. बऱ्याच प्रोग्रामांत ते दाबलं की अधोरेखित यू येतो आणि कॉम्प्युटर युनिकोड क्रमांकाची, म्हणजे अक्षराच्या ठरलेल्या नंबराची, वाट बघत बसतो. विंडोजवर कंट्रोल+ऑल्टच्या जोड्यांपासून लांब राहा, कारण तिथे उजवं ऑल्ट म्हणजेच कंट्रोल+ऑल्ट धरलं जातं. भारतीय इंग्रजी लेआउटमध्ये उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतो. तिथे तुम्ही 'चौथा टॅब' ठेवलात, तर कपाशीचा भाव लिहिता लिहिता माणूस भलत्याच पानावर जाईल.

हाताला बसलेलं मोडणं

पत्त्याच्या पट्टीत जायला कंट्रोल+एल, हे लोकांच्या बोटांत मुरलंय. सर्फ नावाच्या अगदी चिमुकल्या ब्राउझरमध्ये कंट्रोल+एल म्हणजे 'पुढच्या पानावर जा', पत्त्यासाठी कंट्रोल+जी. आणि हे बदलायचं तर कॉन्फिग फाइल दुरुस्त करून प्रोग्राम मूळ कोडपासून पुन्हा बनवावा (कंपाइल करावा) लागतो. डिलो या दुसऱ्या हलक्या ब्राउझरमध्ये साध्या मजकूर फाइलीत ओळ बदलली की झालं, पण त्यात जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपानांतला चालणारा कोड, चालत नाही, म्हणजे आपले बहुतेक पोर्टल बाद.

उलट एक जुनी सवय मात्र मोडा. बॅकस्पेस दाबलं की मागचं पान. भरलेले फॉर्म यात वाहून जायचे, म्हणून क्रोमने ही सोय २०१६ मध्ये काढली, फायरफॉक्सने २०२१ मध्ये बंद ठेवली. काही हलक्या ब्राउझरांत ती अजून जिवंत असते. ऑल्ट आणि डावा बाण पुरेसा आहे.

चालत नसेल तर कुठून सुरुवात करावी

आधी कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग पानाच्या रिकाम्या जागी क्लिक करून पुन्हा दाबा, कारण काही वेबपानं शॉर्टकट स्वतःकडे ओढून घेतात. तरी नाही? लिनक्सवर एक्सइव्ही (xev) हा दाबलेल्या कळांची नोंद दाखवणारा छोटा प्रोग्राम चालवा आणि तीच जोडी दाबा. अक्षराची नोंद आली नाही तर ती डेस्कटॉपने वरच्या वर झेलली आहे. ब्राउझरला दोष देऊ नका. एफ५, एफ११ लॅपटॉपवर चालत नसतील तर एफएनसोबत दाबून बघा. आणि कळ फक्त धुळीने अडकली आहे का हेही बघा. मे महिन्यात आमच्याकडे ते रोजचं आहे.

एक तक्रार मात्र मला चक्रावून गेली. चोपड्याकडच्या एका खताच्या दुकानात बारकोड स्कॅन केला की दर वेळी डाउनलोडची यादी उघडायची. कुणी बटनाला हातही लावत नव्हतं. स्कॅनर प्रत्येक कोडच्या शेवटी 'नवी ओळ' हे १० क्रमांकाचं चिन्ह पाठवत होता, आणि जे हे दहावं अक्षर असल्याने ब्राउझरला ते कंट्रोल+जे वाटत होतं. स्कॅनरच्या पुस्तिकेतला 'शेवटी फक्त एंटर' हा कोड एकदा स्कॅन केला आणि संपलं.

आमच्या चारही मशीनवर कंट्रोल+क्यू आता रिकामं आहे. परवा नवीन आलेल्या पोराने ते चार-पाच वेळा दाबलं आणि मला हाक मारली, "भाऊ, या कीबोर्डचं क्यू मेलंय वाटतं."