खिडकीलगतचं टेबल आणि सूर्यास्तानंतरचा अर्धा तास

उंच इमारतीच्या माथ्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये बिलाचा मोठा हिस्सा काचेपलीकडच्या शहराचा असतो. ते शहर सगळ्यात देखणं दिसतं ते जेमतेम अर्धा तास. म्हणून बुकिंग करताना भुकेची वेळ बाजूला ठेवा आणि त्या दिवशीचा सूर्यास्त बघा.

टेबल सूर्यास्ताच्या ४५ मिनिटं आधीचं घ्या. उजेड असेतो रस्ते, पूल, नदी ओळखून घेता येतात. सूर्य बुडाल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटांनी आकाश गडद निळं होतं, खाली दिवे लागलेले असतात आणि दोन्हींचा उजेड जवळपास सारखा असल्याने डोळ्यांना आणि कॅमेऱ्यालाही सगळं एकदम दिसतं. त्यानंतर आभाळ काळं पडतं आणि काचेत आपलंच तोंड दिसू लागतं. विषुववृत्ताजवळ हा संधिप्रकाश लवकर आटोपतो, दूरच्या देशांत उन्हाळ्यात बराच रेंगाळतो. बऱ्याच ठिकाणी टेबल दोन तासांपुरतंच मिळतं, त्यामुळे फार आधी जाऊन बसणंही तोट्याचं. संध्याकाळच्या दोनच पाळ्या असतील आणि सूर्यास्त पहिल्या पाळीत येत असेल, तर पहिलीच घ्या.

एक गंमत: उंचावर सूर्य खरोखरच उशिरा मावळतो. दुबईच्या बुर्ज खलिफात ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रमजानचा उपवास दोन मिनिटं उशिरा सोडावा, असं तिथल्या धर्मगुरूंनी २०११ मध्ये सांगितलं होतं.

बुकिंगच्या वेळी नेमकं काय विचारता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ‘खिडकीजवळचं टेबल’ म्हणजे दुसऱ्या रांगेतलंही असू शकतं. टेबल काचेला लागून आहे का, मध्ये खांब येतो का, ते नक्की मिळणार की ‘जमल्यास देऊ’, हे स्पष्ट विचारून उत्तर लेखी मागा. पाच-सहा जणांची मोठी टेबलं बहुधा आत असतात. खिडकी दोघा-चौघांना मिळते. दिशाही विचारा. पश्चिमेला सूर्यास्त दिसतो खरा, पण ऊन थेट डोळ्यांत येतं आणि कर्मचारी पडदे खाली ओढतात. उत्तर किंवा दक्षिण बाजूला बाजूने येणाऱ्या तिरप्या उन्हात इमारती उठून दिसतात. समुद्राकडची बाजू दिवसा सुरेख आणि रात्री काळीकुट्ट. रात्रीचं जेवण असेल तर शहराकडची मागा.

किमान खर्चाची अट माणशी आहे की टेबलामागे, त्यात कर आणि सेवाशुल्क धरलंय का, रद्द करायची मुदत किती, लहान मुलांना प्रवेश आहे का, हेही त्याच फोनवर उरका. कपड्यांचा नियम वाचा: चप्पल आणि हाफ पँटवरून लोकांना दारातून परत पाठवलं जातं.

सगळ्यात उंच जागा सगळ्यात चांगली, हा समज सोडा. १०० मीटरवरून क्षितिज सुमारे ३६ किलोमीटर दूर असतं, ४०० मीटरवरून सुमारे ७१. उंची चौपट, अंतर दुप्पट. शिवाय फार वर गेलं की शहराचा नकाशा होतो, माणसं आणि गाड्या हरवतात. ढगही वरच्या मजल्यांनाच आधी गाठतात आणि मग काचेबाहेर फक्त पांढरी भिंत उरते. रद्द करायची मुदत संपण्याआधी हवामान बघून तारीख बदलून घ्या. पाऊस पडून गेल्यानंतरची स्वच्छ हवा मिळाली तर नशीब.

इमारतीच्या दारात २० मिनिटं आधी पोहोचा. प्रवेशद्वार बरेचदा वेगळं असतं, तपासणी असते, काही ठिकाणी मध्येच लिफ्ट बदलावी लागते. वेगवान लिफ्टमध्ये कानात दडे बसतात. आवंढा गिळा किंवा जांभई द्या. लहान मुलांना काहीतरी चघळायला द्या. काचेलगत गार लागतं, म्हणून अंगावर घ्यायला एक शाल असू द्या. उंचीची भीती वाटणाऱ्याला काचेकडे पाठ करून किंवा दुसऱ्या रांगेत बसवा, चेष्टा करू नका. जोराच्या वाऱ्यात ग्लासातलं पाणी किंचित हललं तरी घाबरायचं कारण नाही. उंच इमारती थोडं डोलण्यासाठीच बांधलेल्या असतात.

ऑर्डर देतानाच सांगा की मुख्य पदार्थ सूर्यास्तानंतर आणा. नाहीतर नेमक्या निळ्या वेळेला सगळे ताटात डोकं घालून बसतात.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, लेन्स काचेला टेकवा आणि भोवती गडद रुमाल किंवा हाताची ओंजळ धरा. आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब जातं. टेबलावरचा दिवा बाजूला सरकवायला सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

फिरत्या रेस्टॉरंटमध्ये खिडकीचा हट्ट तेवढा नको, सगळ्या दिशा आपोआप समोर येतात. टोरांटोच्या सीएन टॉवरवर ३५१ मीटर उंचीवर एका फेरीला ७२ मिनिटं लागतात. मात्र अशा बऱ्याच जागी फिरते ती फक्त जमीन, खिडकीचा कट्टा जागच्या जागी राहतो. त्यावर ठेवलेली पर्स दहा मिनिटांत पलीकडच्या टेबलापाशी पोहोचलेली असते.