सीनिअर पोर्ट्रेट: कपड्यांच्या आधी चष्मा बघा

अमेरिकेत बारावीच्या मुलांचे शाळेच्या शेवटच्या वर्षाची आठवण म्हणून खास फोटो काढतात, तेच सीनिअर पोर्ट्रेट. बारावीत जाणाऱ्या मुलाला चष्मा असेल आणि त्याच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या असतील, तर फोटोग्राफर, बाग, कपडे यातलं काहीही ठरवायच्या आधी त्या काचांची सोय लावा. मागच्या खेपेला आमच्याकडून नेमकं हेच राहिलं, म्हणून ही यादी चष्म्यापासून सुरू.

हे लक्षातून जातं, कारण घरात काचा स्वच्छ दिसतात आणि गाडीतही तशाच राहतात. काचा अतिनील किरणांनी काळवंडतात आणि ते किरण गाडीची पुढची काच अडवते. पार्कमध्ये उतरलं की मिनिटाभरात डोळे गायब. झाडाखाली उभं करून भागत नाही, कारण मोकळ्या आकाशातून ते किरण सावलीतही पोचतात. काचा पुन्हा स्वच्छ व्हायला बरीच मिनिटं लागतात, आणि ऑक्टोबरच्या गारठ्यात तर त्या जास्त काळ्या होतात आणि जास्त वेळ तशाच राहतात. ‘नंतर एडिटिंगमध्ये काढू’ असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका. डोळा झाकोळलेला असतोच, शिवाय काचेची सावली गालावर पडते. एकेका फोटोवर हे दुरुस्त करायचं म्हणजे वेगळे पैसे, आणि डोळे तरीही उसने वाटतात.

उपाय दोन. घरात जुनी, पूर्ण कडा असलेली फ्रेम असेल तर ऑप्टिशियनकडून तिच्या काचा काढून घ्या आणि नुसती फ्रेम घालून फोटो काढा. चमक नाही, काळेपणा नाही, आणि मोठा मायनस नंबर असेल तर काचेतून गालाची कड आत सरकल्यासारखी दिसते तेही नाही. खाली नायलॉनची दोरी असलेल्या किंवा बिनकडेच्या फ्रेमला हे जमत नाही. नाहीतर साध्या, चमक कमी करणारं कोटिंग असलेल्या काचांचा दुसरा चष्मा करून घ्या. ऑनलाइन मागवणार असाल तर डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर लागतं आणि ते प्रिस्क्रिप्शनवर असतंच असं नाही, तेव्हा डॉक्टरांकडेच मागून घ्या. तीन आठवडे हाताशी ठेवा. फोटोसाठी म्हणून पहिल्यांदाच कॉन्टॅक्ट लेन्स घालण्याचा बेत असेल तर सोडा. लाल डोळे येतील.

आता इयरबुक, म्हणजे मुलांच्या फोटोंचं शाळेचं वार्षिक पुस्तक. शाळेचा इयरबुकचा फोटो आणि तुमचं हौशीचं फोटोसेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही शाळांत इयरबुकचा फोटो फक्त शाळेनं ठरवलेल्या स्टुडिओचाच चालतो. काही शाळा बाहेरचा घेतात, पण उभ्या आकाराचा, खांद्यापर्यंतचा, साध्या पार्श्वभूमीचा, टोपी किंवा हातात वस्तू नसलेला. शेवटची तारीख शाळेच्या साइटवर बघा आणि फोटोग्राफरला बुकिंगच्या वेळीच सांगा, कारण फोटो काढल्यावर हातात यायला काही आठवडे लागतात. तारीख हुकली तर मुलाचं नाव फोटोविना छापलं जातं, आणि मग कितीही ईमेल केल्या तरी उपयोग नाही. स्टुडिओत मुलींना खांद्यावरून उतरणारं काळं कापड (ड्रेप) देतात, तेव्हा आत बिनपट्ट्यांचं काहीतरी हवं. मुलांना टक्सचा (बो टायवाल्या काळ्या सूटचा) पुढचा भाग देतात, आत पांढरा टी-शर्ट. स्टुडिओत काचा काळ्या होत नाहीत, पण दिव्यांची चमक येते, म्हणून ती रिकामी फ्रेम तिथेही न्या.

केस आठ-दहा दिवस आधी कापा, आदल्या दिवशी नाही. आयब्रो तीन दिवस आधी. नवं फेशियल वगैरे अजिबात नको. जुलैत पोहायला जाणाऱ्या मुलांच्या डोळ्यांभोवती गॉगलचे पांढरे गोल राहतात, त्यासाठी दोन आठवडे आधीपासून काळजी घ्या. भारतात लग्नाला जाऊन आला असाल तर मेंदी पूर्ण उतरू द्या. अर्धवट उतरलेली मेंदी फोटोत त्वचेच्या आजारासारखी दिसते. ब्रेसेस निघायच्या असतील तर ती तारीख आधी विचारा आणि मगच बुकिंग करा.

कपडे तीन जोड पुरे. मोठे लोगो नकोत. बारीक रेघांचा शर्ट नको, त्या रेघा कॅमेऱ्यात लहरतात. पोपटी किंवा भडक गुलाबी नको, त्याचा रंग हनुवटीखाली उतरतो. सगळं इस्त्री करून हँगरवर न्या. घडी घालून पिशवीत नेलंत तर इस्त्री फुकट.

भारतीय पोशाख हवाच असेल, आणि आपल्याकडे तो हवाच असतो, तर त्याला पहिला नंबर द्या आणि घरूनच नेसून निघा. पार्कच्या रेस्टरूममध्ये पैठणी नेसवता येत नाही. ब्लाऊज महिनाभर आधी घालून बघा. मागच्या वर्षीचा सतराव्या वर्षी बसेलच असं नाही. आत माया असेल तर उसवून वाढवता येतो, नसेल तर वेळेवर कळलेलं बरं. सेफ्टी पिना डझनभर. नथ चापाची. कुर्ता घालणाऱ्या मुलाच्या पायात स्पोर्ट्स शूज राहणार नाहीत एवढं बघा. सगळ्यांच्याच मनगटावरचं स्मार्टवॉच, केसांचं रबर आणि खिशातला फोन काढून ठेवा. केसांचं रबर तर प्रत्येक मुलीच्या प्रत्येक फोटोत सापडतं.

वेळ सूर्यास्ताच्या आधीचे दीड-दोन तास. न्यू जर्सीत जुलैच्या सुरुवातीला सूर्य साधारण 8:30 ला मावळतो, ऑक्टोबरच्या मध्याला 6:15 च्या सुमारास. तुमच्या गावची वेळ बघून घ्या. बऱ्याच काउंटी पार्कांना आणि बोटॅनिकल गार्डनना व्यावसायिक फोटोंसाठी परवाना लागतो. तो कोण काढणार हे फोटोग्राफरला विचारा, गृहीत धरू नका. संध्याकाळी डास असतातच. पण डीईईटी हे डास पळवणारं रसायन असलेला स्प्रे चष्म्याजवळ नको, त्यानं प्लास्टिकची फ्रेम आणि काचेचं कोटिंग खराब होतं. चष्म्याला आधीच काय कमी वैरी आहेत?

आदल्या रात्री पिशवी भरा: दुसरा चष्मा (किंवा रिकामी फ्रेम), पिना, कंगवा, टिश्यू, पाणी, व्हायोलिन किंवा रॅकेट जे काही असेल ते, आणि परत एकदा, दुसरा चष्मा. मुलाच्या नाकावरचा नव्हे, पिशवीतला. काचा काढलेल्या फ्रेमनं मोठ्या नंबरच्या मुलाला धड दिसत नाही, म्हणून चालताना नेहमीचा चष्मा आणि फोटोच्या वेळी रिकामी फ्रेम. ही अदलाबदल करायला एक माणूस नेमा. पहिल्या पाच फोटोंनंतर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून डोळे दिसताहेत का ते स्वतः बघा. फोटोग्राफर ‘छान येताहेत’ म्हणणारच.

आई-बाबांनी कॅमेऱ्यामागे उभं राहून ‘नीट हस ना’ म्हणू नये. लांब बसा.

पुढचं थोडक्यात. सगळ्या डिजिटल फाइल मिळणार की निवडक, आणि बाहेर प्रिंट काढायची लेखी परवानगी आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. इयरबुकची पोझ आधी निवडा, बाकीच्या नंतर. फोटो एडिट करताना मुरुमं घालवा म्हणा, तीळ राहू द्या. वॉलेट साइजच्या प्रती मित्रांना वाटायला, 8 बाय 10 इंची भिंतीला, एक आजी-आजोबांना. फाइल्स मिळाल्या त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून घ्या. ऑनलाइन गॅलरीची लिंक काही महिन्यांत बंद होऊ शकते.