डायलिसिसवर बीपी वाढतंय? आधी वजनकाटा, मग गोळ्या
डायलिसिसच्या पेशंटचं बीपी १७०-१८० दिसलं की घरचे पहिला प्रश्न विचारतात, गोळी वाढवायची का. पण बऱ्याच जणांचं बीपी अंगात साठलेल्या पाण्यामुळे आणि मिठामुळे चढलेलं असतं, ते पाणी निघाल्याशिवाय ४-४ गोळ्या चालू असूनही आकडा काही हलत नाही.

म्हणून आधी ड्राय वेट समजून घ्या. जास्तीचं पाणी निघाल्यावर सूज नाही, दम नाही, चक्कर नाही असं जे वजन असतं ते ड्राय वेट, आणि ते एकदा ठरलं की कायमचं ठरलं असं नसतं बरं का. पेशंटचं खाणं कमी झालं, अंगावरचं मांस उतरलं, तरी काट्यावर आकडा तोच राहू शकतो कारण मांसाची जागा पाण्याने भरलेली असते! वजन तेवढंच आहे आणि बीपी मात्र चढतंय, किंवा आडवं झालं की दम लागतोय, तर डॉक्टरांना सरळ विचारा की ड्राय वेट कमी करायचं का. ते हळूहळू कमी करतात, आणि वजन उतरल्यावर बीपी लगेच त्याच दिवशी उतरेल असं नाही, कधी कधी काही आठवडे जातात, तेवढा धीर धरा.

आता पाणी. सगळे पाण्याच्या बाटलीवर पहारा ठेवतात, पण खरा चोर मीठ आहे. सलाईनच्या १ लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे ९ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर साधारण लिटरभर पाणी मागणारच, मग पेशंटला कितीही ओरडा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा कमी, आणि त्यात पॅकेटातलं, सॉसमधलं, इन्स्टंट सूपमधलं सगळं धरायचं. सैंधव घेतलं तरी सोडियम तेच. आणि लो सोडियम मीठ तर अजिबात नको, त्यात पोटॅशियम असतं, ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतू शकतं. डायबेटिस असेल तर शुगर पण बघा, ती वाढली की तहान वाढतेच.

दोन डायलिसिसच्या मधे वजन फार वाढलं की तेवढं पाणी ४ तासांत ओढून काढावं लागतं आणि मग टेबलवरच पायात गोळे येतात, बीपी एकदम कोसळतं. तासाला किलोमागे १३ मिलीच्या वर शक्यतो जाऊ नये म्हणतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ४ तासांत जेमतेम ३ लिटर. म्हणून "आज तासभर आधी सोडा ना" असं सिस्टरच्या मागे लागू नका, जमलं तर वेळ वाढवूनच मागा.

बीपी घरी मोजा. सेंटरमधलं आधीचं आणि नंतरचं रीडिंग वरखाली होतं, घरचं सकाळ-संध्याकाळचं जास्त खरं. फिस्टुलाच्या (म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर पट्टा कधीच बांधायचा नाही! ५ मिनिटं शांत बसून दुसऱ्या हातावर मोजायचं आणि वहीत बीपीशेजारी त्या दिवशीचं वजनही लिहायचं. वजन वाढलं की बीपीपण वाढतं का, हे डॉक्टरांना त्या एका पानावरून कळतं.

गोळ्यांचं म्हणाल तर मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, लिसिनोप्रिल अशा काही डायलिसिसमधे बऱ्यापैकी धुऊन जातात, अॅम्लोडिपिन, कार्व्हेडिलॉल, टेल्मिसार्टन फारशा जात नाहीत. त्यामुळे कुठली आधी आणि कुठली घरी आल्यावर, हे प्रत्येक गोळीचं वेगळं विचारून घ्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्त वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालू झाल्यावर बीपी चढलं असेल तर तेही सांगा. अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोच. काहींचं बीपी डायलिसिस चालू असतानाच वाढतं, तेव्हाही बहुतेक वेळा ड्राय वेटच परत तपासतात आणि मशीनच्या पाण्यातलं सोडियमही.

बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, धूसर दिसणं, हात-पाय लुळा पडणं, खूप डोकं दुखणं यातलं काहीही असेल तर पुढच्या डायलिसिसची वाट बघायची नाही, लगेच इमर्जन्सीत न्यायचं आणि शेवटचं डायलिसिस कधी झालं हे तिथे गेल्या गेल्या सांगायचं.