टीव्ही न्यूजमध्ये यायचंय? नोकरी बदलताना या चुका टाळा

माझ्याकडे येणाऱ्या शोरीलची (अँकरिंग-रिपोर्टिंगचा नमुना दाखवणाऱ्या छोट्या व्हिडिओची) सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते. काळा पडदा, ढणढणणारं संगीत, गरगर फिरणारी पृथ्वी आणि मग सोनेरी अक्षरांत नाव. चेहरा दिसेपर्यंत अर्धं मिनिट गेलेलं असतं आणि खरं सांगायचं तर तोवर मी पुढची फाईल उघडलेली असते. पाठवणारी माणसं हुशार असतात. कुणी दहा वर्षं बँकेत काढलेली, कुणी औषध कंपनीत, कुणी शाळेत शिकवणारी. ‘लहानपणापासून बातम्या वाचायचं स्वप्न होतं’ हे वाक्य मेलमध्ये असतंच.

मीही अशीच आले. 34व्या वर्षी, ऑडिटची नोकरी सोडून. त्यामुळे खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी माझ्या स्वतःच्या आहेत.

अँकरच्या खुर्चीवरच डोळा

बाहेरून बघणाऱ्याला चॅनल म्हणजे अँकर आणि पावसात उभा असलेला रिपोर्टर. आतलं चित्र वेगळं असतं. इनपुटवाले बातमी आत आणतात: रिपोर्टर, स्ट्रिंगर (बातमीगणिक पैसे घेणारे बाहेरचे वार्ताहर), कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवणारा असाइनमेंट डेस्क. आउटपुटवाले ती पडद्यावर नेतात: कॉपी (बातमीचा मजकूर) लिहिणारे, रनडाऊन (बातम्यांचा क्रम) लावणारे, पीसीआरमध्ये (प्रक्षेपण सांभाळणाऱ्या कंट्रोल रूममध्ये) बसून अँकरच्या कानात सेकंद मोजणारे. शिवाय एडिटर, ग्राफिक्स, गेस्ट कोऑर्डिनेशन, आर्काइव्ह. नवख्याला दार उघडतं ते बहुधा यांपैकी एखादं. स्टुडिओचं दार नंतर.

अमेरिकेतले गाजलेले पत्रकार एडवर्ड मरो यांचंच बघा. विद्यार्थी आणि शिक्षकांच्या परदेशी देवाणघेवाणीचं काम करणाऱ्या संस्थेतून ते 1935 मध्ये सीबीएस या अमेरिकन रेडिओ नेटवर्कमध्ये आले. काम काय, तर रेडिओवर भाषणं देण्यासाठी माणसं गाठायची. आजच्या भाषेत गेस्ट कोऑर्डिनेशन. 1937 मध्ये लंडनला गेले तेही याच कामासाठी. मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा मरो अख्खं विमान भाड्याने घेऊन व्हिएन्नाला पोचले आणि पहिल्यांदा स्वतः बातमी सांगितली. टीव्ही त्यांच्या आयुष्यात आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

उलटं उदाहरणही आहे. 1965 मध्ये एबीसी या अमेरिकन चॅनलने पीटर जेनिंग्ज यांना 26व्या वर्षी संध्याकाळच्या मुख्य बातमीपत्रावर बसवलं. चेहरा देखणा, आवाज छान, पण अनुभव कमी पडतोय अशी टीका झाली. तीनेक वर्षांतच ते खुर्चीवरून उतरले, परदेशात वार्ताहर म्हणून फिरले आणि 1983 मध्ये पुन्हा मुख्य अँकर झाले. ही दुसरी खेप मग 2005 पर्यंत टिकली.

आधीचा पेशा लपवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती बहुतेक सगळे करतात. बायोडेटात बारा वर्षांचा अनुभव एका ओळीत गुंडाळायचा आणि तीन महिन्यांच्या अँकरिंग कोर्सला अर्धं पान द्यायचं. न्यूजरूममध्ये बोलता येणारी माणसं ढिगाने असतात. ताळेबंद वाचता येणारी, एफआयआर आणि चार्जशीटमधला फरक कळणारी, पूल नेमका कशामुळे कोसळतो हे इंजिनिअरला नीट विचारू शकणारी माणसं शोधावी लागतात.

माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एका कंपनीच्या तिमाही निकालाची प्लेट (पडद्यावर दिसणारी आकड्यांची पाटी) ग्राफिक्सकडून तयार होऊन आली. मोठ्या अक्षरांत ‘नफा’ लिहिलेलं आणि खाली आकडा होता उलाढालीचा. बुलेटिनला चार मिनिटं होती. मी जागेवरून ओरडले. प्लेट बदलली आणि कुणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आकड्यांची प्रत्येक बातमी ‘तिला एकदा दाखवून घे’ म्हणत माझ्याकडे यायला लागली. पुढे बजेटच्या दिवशी मला पहिल्यांदा पडद्यावर बसवलं ते त्यामुळेच. आवाजाचं कौतुक मात्र आजवर कुणी केलेलं नाही.

पण जुन्या पेशाची दुसरीही बाजू आहे. जुन्या कंपनीचे शेअर्स, एखाद्या पक्षात असलेला सख्खा भाऊ, जनसंपर्क संस्थेत सांभाळलेले क्लायंट, हे सगळं रुजू होतानाच संपादकाला सांगून टाका. नंतर बाहेरून कळलं तर तुमची प्रत्येक जुनी बातमी संशयाने उघडली जाते. आणि डॉक्टर, वकील, ऑडिटर म्हणून विश्वासाने हाती आलेली माहिती बातमी म्हणून विकायला काढू नका. अशी ‘आतली खबर’ देणाऱ्याला पहिल्या दिवशी टाळ्या मिळतात. नंतर त्याच्यासमोर कुणी तोंड उघडत नाही.

कागदासाठी लिहिणं

रिपोर्ट, पत्रं, प्रेझेंटेशन लिहून हात तयार झालेला असतो, म्हणून वाटतं कॉपी काय, सहज लिहू. माझी पहिली कॉपी बावीस ओळींची होती. प्रोड्युसरने ती हातात घेतली आणि उभ्यानेच मोठ्याने वाचायला लागला. दुसऱ्या स्वल्पविरामाशी त्याचा श्वास संपला. एक शब्दही न बोलता कागद माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला. इतकं नेमकं शिक्षण मला कुठल्याच कोर्समध्ये मिळालं नव्हतं.

असं वाक्य घ्या: ‘शहराच्या पूर्व भागातील एका गोदामाला पहाटेच्या सुमारास लागलेल्या भीषण आगीत मोठ्या प्रमाणावर माल जळून खाक झाल्याची माहिती अग्निशमन दलाकडून देण्यात आली असून सुदैवाने कोणतीही जीवितहानी झालेली नाही.’ छापायला ठीक. ऐकणाऱ्याला मात्र माणसं वाचली की नाही हे कळायला शेवटापर्यंत थांबावं लागतं. टीव्हीसाठी: ‘पहाटे गोदामाला आग लागली. आत कुणीच नव्हतं, त्यामुळे सगळे सुखरूप आहेत. माल मात्र गेला.’ मागे ज्वाळा दिसतायत, तेव्हा ‘भीषण’ लिहायची गरजच उरत नाही. चित्रात जे दिसतं ते शब्दांत पुन्हा सांगायचं नाही. चित्रात जे दिसत नाही ते सांगायचं: आग कधी लागली, कशी लागली, पुढे काय.

आणि मोजायची सवय लावा. चार-चार सेकंदांचे शॉट धरले तर चाळीस सेकंदांच्या व्हीओला (चित्रांवर वाचल्या जाणाऱ्या मजकुराला) दहा शॉट लागतात. तुमच्याकडे सहाच असतील तर कॉपी छोटी करावी लागते, एडिटरवर चिडून उपयोग नाही. सीबीएसचे प्रसिद्ध अँकर वॉल्टर क्रॉन्काइट यांनी मिनिटाला सुमारे 124 शब्द या वेगाने बोलण्याची सवय स्वतःला लावून घेतली होती, असं सांगतात. मराठीला हा आकडा जसाच्या तसा लावू नका. आपले शब्द प्रत्यय चिकटून लांबतात. स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा आणि स्वतःचा वेग काढा.

शोरीलमधल्या खोडी

दीड ते दोन मिनिटं पुरतात. सुरुवातीला तीन सेकंद नावाची पाटी आणि लगेच तुमचं सगळ्यात चांगलं काम. शक्यतो स्टुडिओबाहेरची पीटीसी (थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलणं), कारण तिच्यात माणूस कळतो. संगीत नको. एखाद्या प्रसिद्ध अँकरची नक्कल तर त्याहून नको.

आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत असेल तर माईक लांब आहे किंवा खोली रिकामी आहे. कॉलर माईक लावा आणि पडदे, गाद्या, पुस्तकं असलेल्या खोलीत बसा. वाचताना डोळे डावी-उजवीकडे पळताना दिसत असतील तर कॅमेरा फार जवळ आहे. तो मागे न्या, झूम करा आणि प्रॉम्प्टरवरचा (कॅमेऱ्याजवळ मजकूर सरकवणाऱ्या पडद्यावरचा) मजकूर अरुंद रकान्यात घ्या. शर्ट पडद्यावर वळवळत असेल तर बारीक रेघांचा कपडा बदला. सेन्सरच्या जाळीशी त्या रेघांची गल्लत होते. चेहरा पिवळा किंवा निळा पडला असेल तर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगांची सेटिंग) हाताने सेट करा, आणि खिडकीचा उजेड व घरातला दिवा एकत्र वापरू नका. क्रोमा (मागे हिरवा पडदा) असेल तर हिरवं काही घालायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कुणीतरी हिरवी ओढणी घेऊन येतंच.

लाईव्हमध्ये गोठणं

घरी आरशासमोर फर्डं बोलणारी माणसं लाईव्हला गप्प होतात, कारण तयारी भाषणाची केलेली असते. पाठ केलेल्या मजकुरातला एक शब्द निसटला की पुढचा अख्खा डोलारा खाली येतो. पाठ करायचंच तर पहिलं वाक्य करा. बाकीच्यासाठी छोट्या वहीत तीन शब्द: जागा, आकडा, पुढे काय. तरीही अडकलात तर समोर जे दिसतंय ते सांगायला लागा. त्यात दहा सेकंद जातात आणि तोवर मेंदू जागेवर येतो.

अँकरने प्रश्न विचारल्यावर रिपोर्टर क्षणभर बघत राहतो, त्याला लोक हसतात. लाईव्ह उपग्रहावरून जात असेल तर तो भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, उत्तराच्या परतीला आणखी पाव, वर यंत्रणेचा वेळ. मोबाईल नेटवर्कवरच्या बॅकपॅकमध्येही (पाठीवर बांधायच्या लाईव्ह यंत्रातही) उशीर होतोच. तेवढा वेळ शांत चेहऱ्याने उभं राहणं हासुद्धा कामाचाच भाग आहे. कानात स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येत असेल तर लाईव्ह सुरू होण्याआधीच पीसीआरला सांगा. तुमचा आवाज वगळून परत पाठवायची सोय असते, ती लावायची राहिलेली असते. लाईव्हमध्ये कान बंद पडला तर इअरपीस खुपसत बसू नका. ‘आवाज पोचत नाहीये, पण इथली परिस्थिती अशी आहे’ म्हणा आणि बोलत राहा.

सरावासाठी घरातल्या कुणालातरी फोनवरून एका कानात सतत काहीतरी सांगायला लावा आणि तुम्ही त्याच वेळी बातमी सांगा. पहिले दोन दिवस रडू येतं.

राजीनामा आधी, चौकशी नंतर

सकाळच्या बुलेटिनची शिफ्ट रात्री सुरू होते, सुट्टी आठवड्याच्या भलत्याच दिवशी येते आणि सणासुदीला तर कामच जास्त. पगार बहुधा खाली येतो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय हात सोडू नका. करारात प्रोबेशन, नोटीस पीरियड आणि बॉण्ड बघा. कोर्स लावणार असाल तर ‘प्लेसमेंट’पेक्षा कॅमेरा आणि एडिटिंग मशीन प्रत्यक्ष किती तास हातात मिळेल ते विचारा. आणि शिफ्ट प्रमुख तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असणार, याची मनाशी तयारी ठेवा. ‘आमच्या ऑफिसात असं करायचो’ हे वाक्य मी तिसऱ्या आठवड्यात बंद केलं. जरा उशीरच केला.

नोकरीत असतानाच करून बघता येईल असं एक काम. कुठल्याही बुलेटिनमधली एक बातमी रेकॉर्ड करा आणि आवाज बंद करून पाहा. प्रत्येक शॉट किती सेकंदांचा आहे ते लिहा. त्या शॉटवर स्वतःची कॉपी लिहा, स्टॉपवॉच लावून वाचा, मग आवाज चालू करून मूळ कॉपी ऐका. असे तीस दिवस, तीस बातम्या. मला मेल करताना शोरीलसोबत त्यातल्या शेवटच्या तीन कॉपी जोडा. त्या मी आधी वाचेन.