फ्रीओपन तर केलं, आता आउटपुट परत स्क्रीनवर कसं आणायचं?

एफओपन, एफक्लोज, एफप्रिंटएफ सगळं हातातलं होतं, त्यामुळे सी मधलं फाइल हँडलिंग आपल्याला येतं असं मी धरून चाललो होतो, आणि नोकरीच्या पहिल्याच महिन्यात फ्रीओपनने, म्हणजे आधीच उघड्या स्ट्रीमला दुसरी फाइल जोडून देणाऱ्या फंक्शनने, माझे सलग तीन दिवस खाल्ले. तुम्हाला या बेसिक गोष्टी येतात असं समजूनच लिहितोय.

काम छोटं होतं. एका जुन्या मॉड्यूलमध्ये ठिकठिकाणी प्रिंटएफ होते आणि त्या कोडला हात लावायचा नव्हता. टेस्ट चालू असताना त्याचं आउटपुट फाइलमध्ये घ्यायचं, अपेक्षित फाइलशी ताडून बघायचं, आणि मग पास की फेल ते स्क्रीनवर दाखवायचं. पहिला भाग एका ओळीत झाला, फ्रीओपनला फाइलचं नाव, डब्ल्यू मोड आणि स्टँडर्ड आउट (प्रिंटएफ जिथे लिहितं तो स्ट्रीम) दिलं की संपलं. परत कसं यायचं ते सिनिअरला विचारलं, तर ते स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "अरे, आधी स्टँडर्ड आउट एका पॉइंटरमध्ये ठेव, नंतर परत असाइन कर." मी तसंच केलं. कंपाइल झालं, एक वॉर्निंगसुद्धा नाही. रन केलं तर स्क्रीन कोरी, आणि पास-फेलच्या ओळी त्याच टेस्टच्या फाइलच्या शेवटी जाऊन बसलेल्या.

इथेच सगळे अडकतात, म्हणून जरा सावकाश वाचा. स्टँडर्ड आउट हा एका स्ट्रक्चरचा पत्ता आहे. फ्रीओपन त्या स्ट्रक्चरमधली जुनी फाइल बंद करतं आणि नवीन फाइल त्याच स्ट्रक्चरमध्ये बसवतं, पत्ता तोच राहतो, आणि काम झालं की रिटर्नही तोच पत्ता करतं. म्हणजे तुम्ही आधी जपून ठेवलेला पॉइंटर आणि नंतरचं स्टँडर्ड आउट यात फरक शून्य. मी शेवटी जीडीबी या डीबगरमध्ये दोन्ही प्रिंट करून बघितले, आकडा शेवटच्या अंकापर्यंत एकच होता, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घराचा पत्ता वहीत लिहून ठेवला म्हणून भाडेकरू बदलल्यावर तिथे जुना भाडेकरू थोडाच भेटणार आहे.

बरं, कंपाइल का झालं? कारण जीलिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, स्टँडर्ड आउट हे साधं व्हेरिएबल आहे. मसल नावाच्या दुसऱ्या सी लायब्ररीत ते कॉन्स्ट आहे, तिथे एरर आला असता. ते असाइन करता येईल अशी हमी सी स्टँडर्ड देतच नाही, म्हणूनच तर असे स्ट्रीम दुसऱ्या फाइलकडे वळवणं हा फ्रीओपनचा मुख्य उपयोग आहे. आणि परत जायचा रस्ता मात्र स्टँडर्डमध्ये कुठेच नाही, त्यासाठी एक मजला खाली उतरावं लागतं, फाइल डिस्क्रिप्टरवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम उघड्या फाइलला जो नंबर देते त्यावर. स्टँडर्ड आउटचा नंबर १.

पॉझिक्समध्ये, म्हणजे लिनक्स-युनिक्सच्या स्टँडर्डमध्ये, ते असं. आधी एफफ्लश, मग डपने डिस्क्रिप्टर १ ची कॉपी काढून बाजूला ठेवायची, मग फ्रीओपन. काम झालं की पुन्हा एफफ्लश, मग डपटूने ती कॉपी स्टँडर्ड आउटच्या फाइलनोवर (फाइलनो स्ट्रीमचा डिस्क्रिप्टर देतं) बसवायची, कॉपी क्लोज करायची आणि स्ट्रीमवरची एररची खूण पुसायला क्लिअरएरर मारायचं. विंडोजवरही हीच फंक्शन्स आहेत, फक्त डप, डपटू, फाइलनो आणि क्लोज यांच्या नावाआधी अंडरस्कोअर. मधला एफफ्लश विसरलात तर फाइलसाठीचा बफरमध्ये उरलेला मजकूर परत आल्यावर स्क्रीनवर सांडतो, आणि फाइल अर्धवट राहते. माझा तिसरा दिवस यातच गेला, तुलना दर वेळी फेल, आणि मी मात्र मॉड्यूलमध्ये बग शोधत होतो. लिनक्सवर असाल तर मध्ये एक मोठा स्लीप टाका आणि दुसऱ्या टर्मिनलवरून प्रोक डिरेक्टरीमधल्या त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरची यादी काढा (तिथे उघडे डिस्क्रिप्टर दिसतात), १ कुठे बोट दाखवतोय ते डोळ्यांनी दिसतं. दहा ब्लॉग वाचण्यापेक्षा हे एकदा बघा, मी मनापासून सांगतोय.

डेव्ह-टीटीवाय, म्हणजे थेट टर्मिनलची फाइल, उघडून परत यायचा शॉर्टकट कोणीतरी सांगेलच. नका वापरू. ज्याने तुमचा प्रोग्रॅम शेलमधून फाइलकडे वळवलाय त्याचं आउटपुट तुम्ही जबरदस्तीने टर्मिनलवर फेकता, आणि क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीतून) चालला तर टर्मिनल नसतंच, मग उघडणं फेल.

आणि फेल होणं हा वेगळाच धोका आहे. फ्रीओपन आधी जुनी फाइल बंद करतं आणि मग नवीन उघडायला जातं. नवीन उघडली नाही तर नल मिळतं, पण जुनी तोवर गेलेली असते, म्हणजे "फाइल उघडली नाही" हा मेसेज प्रिंटएफने छापायला गेलात तर तो कुठेच दिसत नाही. पीएररने स्टँडर्ड एररवर छापा. याच कारणाने मी आता या कामाला फ्रीओपन वापरतच नाही. आधी ओपन करून डिस्क्रिप्टर मिळाला का बघतो, मिळाला तरच एफफ्लश करून डपटूने १ वर बसवतो. ओपन फेल झालं तर स्टँडर्ड आउटला धक्काही लागलेला नसतो.

प्रोग्रॅमिंग स्पर्धांवाले मेनच्या सुरुवातीला स्टँडर्ड इन वळवणारी ओळ टेम्प्लेटमधून चिकटवतात, ते ठीक आहे, तिथे परत यायचंच नसतं. तरी मला शेलचं रीडायरेक्शनच बरं वाटतं, कोडमध्ये ओळ विसरून सबमिट व्हायची भीती नाही.

अजून एक, स्टँडर्ड आउट आणि स्टँडर्ड एरर दोन्ही एकाच फाइलवर डब्ल्यू मोडने वेगवेगळे फ्रीओपन करू नका. दोघांची लिहायची जागा स्वतंत्र असते, एकमेकांच्या ओळींवर लिहीत सुटतात. दोन्हीकडे ए मोड द्या, नाहीतर एकच उघडून डपटूने दुसरा त्यावर बसवा.

हे सगळं पहिल्यांदा वाचून डोकं गरगरलं तर घाबरू नका, माझंही तेच झालं होतं, आणि खरा कोड जेमतेम दहा ओळींचा आहे. सिनिअर चुकीचं सांगतात ते मुद्दाम नाही, त्यांनी ते कधी चालवून बघितलेलं नसतं एवढंच, म्हणून कोणी काहीही सांगितलं तरी आधी पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहून तपासा. आणि नवीन कोड लिहीत असाल तर फंक्शनला फाइल पॉइंटर पॅरामीटर म्हणून घ्या आणि एफप्रिंटएफने त्यावर लिहा, मग टेस्टमध्ये स्टँडर्ड आउटला हात लावायची वेळच येत नाही. आमचं ते मॉड्यूल पुढे हळूहळू तसं बदललं, आणि त्या दिवशी मी डपटूच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या.