लेझर लागण्याआधी: प्रथिनांच्या मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगची तयारी

मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजून, टिश्यूत कुठलं प्रथिन कुठे आहे याची प्रतिमा काढण्याच्या या कामात पोस्टडॉक म्हणून आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात यंत्र शिकायची घाई असते. मी त्यांना आधी क्रायोस्टॅटसमोर, म्हणजे गोठवलेल्या टिश्यूचे पातळ काप (सेक्शन) करणाऱ्या यंत्रासमोर, बसवते. प्रथिन टिश्यूत जिथे होतं तिथेच ते मॅट्रिक्सच्या, म्हणजे लेझरची ऊर्जा शोषून प्रथिनांना आयन व्हायला मदत करणाऱ्या फवारलेल्या रसायनाच्या, स्फटिकात सापडलं पाहिजे. ही अट लेझर लागण्याच्या कितीतरी आधी पाळली जाते किंवा मोडली जाते. १९९७ मध्ये रिचर्ड कॅप्रिओली यांच्या गटाने माल्डी (मॅट्रिक्सच्या मदतीने लेझरने रेणूंचे आयन करण्याची पद्धत) वापरून टिश्यूतल्या पेप्टाइड-प्रथिनांच्या प्रतिमा दाखवल्या. तेव्हापासून लेझर खूप वेगवान झाले, पण ही अट बदललेली नाही.

टिश्यू काढल्याबरोबर गोठवा. तुकडा थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकला तर त्याच्याभोवती वायूचा थर जमतो, गोठणं असमान होतं आणि तडे जातात. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियम फॉइलची छोटी होडी करून तुकडा तिच्यात ठेवा आणि ती नायट्रोजनवर अलगद तरंगू द्या. थंड केलेलं आयसोपेंटेनही चालतं. मग उणे ८० अंशांत साठवा आणि सेक्शन कापेपर्यंत एकदाही वितळू देऊ नका.

हिस्टॉलॉजीतले सहकारी सवयीने अख्खा तुकडा ओसीटीत (गोठवून कापताना आधार देणाऱ्या पॉलिमरयुक्त माध्यमात) बुडवून देतील. त्यांना आधीच भेटून सांगा. ओसीटीतल्या पॉलिमरची शिखरं स्पेक्ट्रम (वस्तुमानानुसार सिग्नलचा आलेख) व्यापतात आणि प्रथिनांचा सिग्नल दाबतात. तुकडा क्रायोस्टॅटच्या चकवर (तुकडा धरणाऱ्या चकतीवर) चिकटवायला तळाशी थोडं ओसीटी पुरतं, पण पातं तिथवर पोचता कामा नये. टिश्यू फारच ठिसूळ असेल तर जिलेटिनचा आधार द्या.

सेक्शन १० ते १२ मायक्रॉन जाडीचे घ्या. स्लाइड आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइडचा) थर असलेली, म्हणजे वीजवाहक हवी. वाहक बाजू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मल्टिमीटर लावून रोध कमी दाखवणारी बाजू शोधा आणि कोपऱ्यात खूण करा. सेक्शन त्याच बाजूवर घ्या आणि स्लाइडच्या मागून बोट टेकवून चिकटू द्या. लगेच निर्वातात वाळवा. साठवलेली स्लाइड फ्रीझरमधून काढल्यावर बंद पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नाही. थंड काचेवर दव धरलं की विरघळणारी प्रथिनं जागा सोडतात, आणि ते नुकसान पुढे कशानेही भरून निघत नाही.

आता धुणं. सगळ्यात जास्त जीव मी इथे लावते, कारण मेद आणि क्षार राहिले तर प्रथिनांचं आयनीभवन दबतं. माझा क्रम असा: ७० टक्के इथेनॉल ३० सेकंद, शुद्ध इथेनॉल ३० सेकंद, मग कार्नॉयचं द्रावण २ मिनिटं, पुन्हा शुद्ध इथेनॉल ३० सेकंद, किंचित ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल घातलेल्या पाण्यात थोडा वेळ, आणि शेवटी शुद्ध इथेनॉल ३० सेकंद. कार्नॉय म्हणजे इथेनॉल, क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसेटिक आम्ल ६:३:१. ते फ्यूम हूडमध्ये, काचेच्या भांड्यात आणि रोज ताजं करायचं. इथेनॉल प्रथिनांना जागेवर बसवतं, क्लोरोफॉर्म मेद काढतं, पाणी क्षार काढतं. पाण्याची पायरी लांबवू नका. छोटी, पाण्यात विरघळणारी पेप्टाइडं हवी असतील तर तिचा विचार वेगळा करावा लागेल.

साधारण २,००० ते २०,००० डाल्टनच्या (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) अखंड प्रथिनांसाठी मी मॅट्रिक्स म्हणून सायनॅपिनिक आम्ल वापरते. फवारा जास्त ओला झाला तर प्रथिनं भरपूर बाहेर येतात, पण ओल्या कागदावरच्या शाईसारखी फुटतात. फार कोरडा झाला तर ती मॅट्रिक्समध्ये येतच नाहीत. ही मधली जागा प्रत्येक टिश्यूसाठी नव्याने शोधावी लागते, त्यासाठी कमी महत्त्वाचे सेक्शन राखून ठेवा. मोजणीच्या क्षेत्रात टिश्यूच्या कडेबाहेरची रिकामी काचही थोडी घ्या. त्या काचेवर प्रथिनांची शिखरं दिसली तर ती पसरली आहेत, मग आतली प्रतिमा कितीही देखणी असो.

पिक्सेलच्या आकाराबाबत दडपण येईल. १० मिलिमीटर बाजूच्या चौरसाला ५० मायक्रॉनवर ४०,००० पिक्सेल लागतात, २५ वर १,६०,०००. शिवाय पिक्सेल लहान तसा प्रत्येक बिंदूतला पदार्थ कमी. स्फटिकच मोठे असतील तर लेझर बारीक करून काही मिळत नाही. सुरुवात मोठ्या पिक्सेलने करा.

स्पेक्ट्रम आला की ओळखीच्या शिखरांवर नजर टाका: थायमोसिन बीटा-४ साधारण ४,९६३, युबिक्विटिन ८,५६५, हिमोग्लोबिनची अल्फा साखळी १५,००० च्या आसपास. हिमोग्लोबिनचं दुहेरी भाराचं शिखर साधारण निम्म्या एम/झेडवर (वस्तुमान भागिले भार) असतं. त्या दोन्ही प्रतिमा जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

आकडा जुळला म्हणजे प्रथिन ओळखलं, असं मात्र लिहू नका. एका ऑक्सिडेशनने वस्तुमान १६ ने वाढतं, टोक तुटलं तर कमी होतं, आणि लिनिअर टीओएफची (आयनांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राची) अचूकता इतक्या शक्यता वेगळ्या करू शकत नाही. शेजारच्या सेक्शनमधून प्रथिनं काढून टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीने (आयन तोडून त्याचे तुकडे मोजण्याच्या पद्धतीने) अमिनो आम्लांचा क्रम पक्का करा. फॉर्मलिनमधल्या जुन्या नमुन्यांत अखंड प्रथिनं बांधलेली असतात. तिथे टिश्यूवरच ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं विकर) घालून पेप्टाइडं पाहावी लागतात.

एका रुग्णाचे ४०,००० पिक्सेल म्हणजे ४०,००० नमुने नव्हेत. सांख्यिकीत 'एन' (नमुन्यांची संख्या) रुग्णांचा किंवा प्राण्यांचा धरायचा. नियंत्रण आणि रोगाचे सेक्शन एकाच स्लाइडवर, मोजणीचा क्रम यादृच्छिक. मोजणी झाल्यावर ७० टक्के इथेनॉलने मॅट्रिक्स धुऊन त्याच सेक्शनला हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंग द्या, आणि पॅथॉलॉजिस्टला आयनांची प्रतिमा दाखवण्याआधी भाग आखून द्यायला सांगा. कच्चा डेटा यंत्राच्या मूळ स्वरूपात जपा, सोबत आयएमझेडएमएल या इमेजिंग डेटाच्या खुल्या स्वरूपात एक प्रत काढा. त्याच तुकड्याचे दोन-तीन शेजारचे सेक्शन उणे ८० मध्ये ठेवा, समीक्षक नेमकं एखादं शिखर ओळखून दाखवायला सांगतात तेव्हा तेच लागतात.